सांगलीचं घर सोडून चाकणच्या नोकरीला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, मेकॅनिकलचा डिप्लोमा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात चार वर्षं सात महिने झालेत. हातात २८,००० येतात. चाकणच्या एका गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून ६ लाख ६० हजार सीटीसीची (म्हणजे कंपनी माणसावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाची) ऑफर आली आहे. १ एप्रिलला हजर व्हायचं आहे आणि हो की नाही ते कळवायला दोन आठवडे आहेत. घर सांगलीवाडीत, स्वतःचं. आई-वडील सोबत राहतात, वडिलांना मधुमेह आहे. पत्नी मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, पगार १७,०००. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार. सासरे म्हणतात जा, वडील म्हणतात घरची भाकरी सोडून कुठे निघालास, आणि कंपनीतले मित्र म्हणतात चाकणला गेल्याशिवाय पगार वाढत नाही.

मी आधी कुपवाड-शिरोली पट्ट्यात आणि नंतर भोसरी-चाकणला कारखान्यांच्या एचआरमध्ये काम केलं आहे. इकडून तिकडे जाणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि तिकडून परत आलेल्यांच्याही. त्यामुळे माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ऑफर कंपनी रोलवरची, म्हणजे थेट कंपनीच्या हजेरीपटावरची असेल आणि पत्नीच्या नोकरीची सोय आधी लागत असेल तर जा. ठेकेदारामार्फत घेत असतील तर पगार कितीही सांगू देत, घर हलवू नका. आता हे का म्हणतो ते सविस्तर.

नुसती नोकरी बदलायची असते तेव्हा पगार, काम, साहेब बघून निर्णय घेतला तरी चालतो. शहर बदलायचं असलं की मी उमेदवाराला एकच प्रश्न विचारतो: ही नोकरी सहा महिन्यांत गेली, तर मुलीची शाळा आणि भाड्याचं घर न बदलता तुम्हाला त्याच पट्ट्यात दुसरी मिळेल का? उत्तर हो असेल तर ते शहर तुमच्या कामाचं आहे. उत्तर नाही असेल तर तुम्ही एका मालकाच्या भरवशावर अख्खं घर उचलून नेताय, आणि ते त्यालाही ठाऊक असतं. तिसऱ्या वर्षी पगारवाढ मागायला जाल तेव्हा ते बरोबर जाणवतं.

तुमच्या बाबतीत हे उत्तर हो आहे. चाकण, खालुंब्रे, महाळुंगे, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्यासारखे गाड्या बनवणारे आहेत, आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांची दाटी आहे. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पुरवठादाराला आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक सांभाळावं लागतं, पीपॅपच्या (ग्राहकाकडून भागाला मंजुरी घेण्याच्या) फायली कराव्या लागतात, सीएमएम हे अचूक मापं घेणारं यंत्र चालवणारा माणूस लागतो. म्हणजे तुमच्या हातातलं कौशल्य तिथे चालू नाण्यासारखं आहे, एका दुकानात नाही घेतलं तर शेजारच्या दुकानात घेतील. कुपवाडात हेच काम आहे, पण क्वालिटीचा स्वतंत्र विभाग, त्यात तीन-चार पायऱ्या आणि वर सरकायला जागा असलेले कारखाने मोजकेच. तुम्ही लिहिलंय की तुमच्या वर फक्त एक साहेब आहेत आणि ते ४४ वर्षांचे आहेत. ते निवृत्त होईपर्यंत तुमची पायरी तीच राहणार आहे.

हेच तुम्ही फाउंड्रीत मेल्टिंग सुपरवायझर असता तर मी उलट सल्ला दिला असता. ओतकामाचा बाजार आपल्याकडेच आहे. कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशी रांगच लागलेली आहे, आणि भट्टीवरच्या जाणत्या माणसाला इकडच्या इकडे दुसरं काम मिळतं. साखर कारखान्यातल्या केमिस्टनं किंवा पॅनमननंही पुण्याकडे बघायचं कारण नाही, त्याचं पुणं वारणा-कृष्णेच्या काठावरच आहे. शहर मोठं की लहान हा मुद्दाच नव्हे. तुमच्या हातातल्या कामाला तिथे गिऱ्हाईक किती, हा मुद्दा आहे.

सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आली, ती याच हिशेबानं. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले, पण अनोळखी गावात एकट्यानं सहसा कुणी दुकान थाटलं नाही. आधी चुलत्याच्या नाहीतर मेव्हण्याच्या दुकानात राहायचं, बाजार कळला की मग स्वतःची पेढी. पाटण-जावळीकडचे लोक मुंबईत माथाडी कामाला गेले तेही गावच्या खोलीत उतरून, गाववाल्याचा हात धरून. जिथे कामही आहे आणि आपली माणसंही आहेत अशा ठिकाणीच ते गेले, आणि गावचं घर त्यांनी मोडलं नाही. तुमच्यासाठी आजही हे दोन्ही नियम मी लागू करीन.

आता पैसे. तुम्ही पाठवलेली पगाराची फोड मी बघितली. ६ लाख ६० हजारांना बारानं भागून ५५,००० येतात आणि घरी सगळ्यांनी तोच आकडा धरून बोलणी चालवली आहेत. ते ५५,००० तुमच्या हातात येणार नाहीत. त्यातले ५,००० महिना व्हेरिएबल आहेत, म्हणजे वर्षाच्या शेवटी कंपनीची आणि तुमची कामगिरी बघून मिळतील किंवा कमी मिळतील. १,८०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ, १,२५० ग्रॅच्युइटीच्या (काही वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या) नावानं, ६०० विम्याचा हप्ता. राहिले ४६,३५०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, कॅन्टीन आणि बसचे मिळून ११०० कापले की हातात ४३,२५०. प्राप्तिकर नव्या करप्रणालीत एवढ्या पगाराला लागत नाही. एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट जुन्या प्रणालीतच मिळते, त्यामुळे भाड्याची पावती दाखवून कर वाचेल असं कुणी सांगितलं तर तुमच्या बाबतीत ते गैरलागू आहे.

म्हणजे वाढ २७,००० ची नाही, १५,००० ची आहे.

त्या १५,००० समोर काय उभं आहे ते बघा. चाकणजवळच्या मोशी-चिखलीकडे साधा वन बीएचके मी १३,००० धरतो. तुम्ही प्रत्यक्ष जाऊन भाव काढा, सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळा तेही विचारा, आणि उन्हाळ्यात टँकर येतो का, त्याचे पैसे कोण भरतं, हे वॉचमनला विचारा. एजंट सांगणार नाही. दूध, भाजी, गॅस, किराणा यांचा दुसरा संसार ५,००० नं तरी वाढेल, कारण सांगलीवाडीतला खर्च काही निम्मा होत नाही. महिन्यातून दोनदा गावी यायचं म्हटलं तर तिघांच्या एसटीचे ३,००० धरा. झाले २१,०००. म्हणजे तुमच्या एकट्याच्या पगारावर दर महिन्याला आजच्यापेक्षा ६,००० कमीच उरणार, आणि त्यात पत्नीचे १७,००० बंद झालेले असणार. वर सुरुवातीला घराची अनामत, एजंटचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो, शाळाप्रवेश यासाठी लाखभर रुपये मोकळे लागतात. ते कर्ज काढून उभे करायचे असतील तर सहा महिने थांबा.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग जा कशाला म्हणताय? पहिल्या वर्षाच्या पैशासाठी जायचंच नाही, म्हणून. पहिलं वर्ष तोट्याचं किंवा बरोबरीचं जातं हे गृहीत धरून निघायचं. कमाई होते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तोवर मोठ्या ग्राहकाची ऑडिटं अंगावरून गेलेली असतात, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर कसं लिहायचं ते हाताखालून गेलेलं असतं, आणि शेजारच्या कंपनीतली तुमच्यासारखी चार माणसं तुम्हाला नावानं ओळखत असतात. त्या ओळखीवर जी दुसरी नोकरी मिळते, तिच्यासाठी हे स्थलांतर आहे. तीन वर्षांनी त्याच खुर्चीवर, त्याच कामावर असाल तर मात्र घर हलवलेलं वाया गेलं.

पत्नीच्या नोकरीचा भाग तुम्ही दोन ओळींत उरकलाय. ‘ती नर्स आहे, पुण्यात तिला कुठेही मिळेल’ असं लिहिलंय. मिळेल हे खरं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी राज्यभर चालते, बंगळूरूला जाणार असता तर तिथल्या कौन्सिलकडे वेगळी नोंदणी करावी लागली असती. पण नोकरी मिळणं आणि ती करता येणं यात अंतर आहे. आज त्यांची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री नऊ असली तरी मुलीला जेवायला घालायला आजी घरात आहे. नाइट असली तरी आजोबा अंथरुणाशेजारी आहेत. मोशीत तुमची सेकंड शिफ्ट आणि त्यांची दुपारची ड्यूटी एकाच आठवड्यात आली तर पाच-सहा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी सातला दार कोण उघडणार? पगाराच्या फोडीत याचा रकाना नसतो, आणि मी परत आलेली जी कुटुंबं बघितली त्यातली बरीचशी याच प्रश्नावर परत आलेली होती. पैसे कमी पडले म्हणून परतणारे त्यामानानं थोडे.

म्हणून या दोन आठवड्यांत तुमच्या पत्नीनं चाकण-मोशी-भोसरी भागातल्या दोन-तीन रुग्णालयांना प्रत्यक्ष भेट द्यावी आणि एकच मागावं: सलग सकाळची ड्यूटी किंवा ओपीडी. पगार मिरजेपेक्षा हजार-दोन हजार कमी मिळाला तरी चालेल, वेळ नक्की हवी. ते जमलं नाही तर पहिलं वर्ष त्या नोकरी करणार नाहीत असं धरून वरचा हिशेब परत मांडा, आणि तो दोघांनाही मान्य आहे का ते एकमेकांसमोर बसून बोला. मिरजेत त्यांनी इतक्या वर्षांत वॉर्डात जो शब्द कमावलाय, सिस्टरांना कुणी ‘जा तिकडे’ म्हणत नाही, तो तिथे पहिल्यापासून कमवावा लागतो. त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही होकार कळवायचा नाही, एवढं मी आग्रहानं सांगतो.

(सरकारी नोकरीतल्या जोडप्यांना हे गणित आणखी जड जातं. पत्नी जिल्हा परिषदेत शिक्षिका असती तर आंतरजिल्हा बदलीची वाट बघावी लागली असती, आणि बदली झाली तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता शेवटून सुरू होते. तशा घरांना मी सहसा जाऊ नका असंच सांगतो.)

आधी एकट्यानं जाऊन बघावं का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल, पण मुदत ठरवून. एप्रिल-मेमध्ये तुम्ही कॉट बेसिसवर (खोलीत फक्त एक खाट भाड्यानं घेऊन) राहा, घर आणि शाळा शोधा, जूनमध्ये सगळे या. याहून जास्त लांबवू नका. वर्ष-दीड वर्ष आठवड्याच्या शेवटी ये-जा करणारे मी खूप बघितले आहेत. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर नाशिक फाट्यावरून स्वारगेट, तिथून रात्रीची गाडी, कात्रज, खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका, आष्टा करत पहाटे घरी. रविवारी दुपारचं जेवण झालं की पिशवी भरायची. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. महिनाभर उत्साहात निघतो, मग माणूस सोमवारी मशीनवर पेंगतो आणि रविवारी घरात पाहुण्यासारखा वागतो. त्यात चाकण-भोसरीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, काही कारखान्यांना गुरुवारी असते. तुम्हाला गुरुवारी सुट्टी, मुलीची शाळा चालू, पत्नी ड्यूटीवर, अशा वेळी गावी येऊन भेटणार कुणाला? सुट्टीचा वार कोणता ते आजच विचारून घ्या.

साताऱ्याच्या माणसाचं थोडं वेगळं आहे. पुण्यापासून तो सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि मध्ये शिरवळची औद्योगिक वसाहत आहे. साताऱ्यात घर ठेवून शिरवळला अप-डाऊन करणारी, आणि घरदार न हलवता बऱ्यापैकी पगार घेणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. सांगलीकराला तशी सोय पुण्याच्या बाजूला नाही. कोल्हापूरच्या बाजूला मात्र आहे, आणि तिचा तुम्ही विचारच केलेला दिसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या चांगल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप मोठ्या गाडीवाल्यांना माल देतात, त्यांच्याकडेही पीपॅप आणि सीएमएम आहे. शिरोलीला रोज जाऊन-येऊन करता येतं. कागल दुचाकीवर रोज झेपत नाही, कंपनीची बस असेल तरच. या दोन आठवड्यांत तिकडे तीन-चार ठिकाणी अर्ज टाका. हातात ३५,००० देणारी शिरोलीची नोकरी चाकणच्या ४३,००० ला पैशात भारी पडते, कारण भाडं नाही, दुसरा संसार नाही, पत्नीचे १७,००० चालू. क्वालिटीत वर दोन पायऱ्या मोकळ्या दिसत असतील तर मी तुम्हाला तीच घ्या म्हणेन. पण अशी ऑफर हातात नसताना नुसत्या आशेवर चाकणला नकार देऊ नका.

आई-वडिलांबद्दल. त्यांना लगेच पुण्याला नेऊ नका. वडिलांचे डॉक्टर मिरजेत आहेत, फाइल तिथे आहे, मिरजेसारखी वैद्यकीय सोय घराजवळ असताना अनोळखी शहरात चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं मन लागणार नाही. औषधं, तपासण्या यांचं वेळापत्रक लावून देता येईल. माझी काळजी वेगळी आहे, घर सांगलीवाडीत आहे ही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्ही घरातून बघितलेत. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आजवर पाणी चढायला लागलं की फ्रिज वरच्या माळ्यावर कोण चढवत होतं, गॅसची टाकी कोण सोडवत होतं, वडिलांची इन्सुलिनची पिशवी घेऊन त्यांना गाडीवर बसवून कोण नेत होतं? तुम्हीच. चाकणहून फोन येईपर्यंत आणि तुम्ही निघेपर्यंत आष्ट्याच्या रस्त्यावर पाणी आलेलं असू शकतं.

तेव्हा जाण्याआधी जुलै-ऑगस्टचा बंदोबस्त नावानिशी करा. विश्रामबाग किंवा मिरजेकडे, उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाशी बोलून ठेवा की पातळी ३५ फुटांवर गेली की आई-वडील तुमच्याकडे येतील, ४० ची वाट बघायची नाही. शेजारच्या एखाद्या जाणत्या पोराला घराची किल्ली द्या, काय काय वर चढवायचं त्याची यादी भिंतीवर लावा. त्या दोन महिन्यांत तुमची हक्काची रजा शिल्लक राहील अशी बेतानं वापरा. प्रोबेशनच्या काळात रजा किती मिळते हे आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी पहिले सहा महिने पगारी रजा जवळजवळ नसते आणि तुमचे पहिले सहा महिने नेमके पावसाळ्यात येताहेत. एचआरला होकार देतानाच स्पष्ट सांगा की पुराच्या वेळी दोन-तीन दिवस जावं लागेल, बिनपगारी चालेल. आधी सांगितलेलं सहसा मान्य होतं. ऐनवेळी न सांगता गेलेल्याची गैरहजेरी लागते.

आता कंपनीला काय विचारायचं. पहिलं, नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर येणार? कारखान्याचं नाव एक आणि पत्रावर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं नाव दुसरं असेल तर ती नोकरी ठेकेदाराची. ‘सहा महिन्यांनी रोलवर घेऊ’ हे तोंडी वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे, ते पत्रात नसेल तर त्याला किंमत नाही. सांगलीतून उठून येणाऱ्या माणसानं त्या वाक्यावर घर सोडू नये. दुसरं, ही जागा का रिकामी झाली? नवी लाइन सुरू होत असेल तर उत्तम. आधीचा माणूस सोडून गेला असेल तर तो किती महिने टिकला ते विचारा. तिसरं, माल कोणत्या गाडीला जातो आणि ग्राहक किती? एकाच ग्राहकाच्या एकाच मॉडेलवर कंपनी उभी असेल तर त्या मॉडेलची मागणी घटली की कामगार कपात होते. भाग इंजिनाचा आहे की सस्पेन्शन-ब्रेकचा हेही बघा, विजेवरच्या गाड्यांना इंजिनाचे भाग लागत नाहीत, ब्रेक मात्र लागतो. बसचा शेवटचा थांबा कुठे, नोकरी कायम कशावर होते, ओव्हरटाइम कुठल्या दरानं, मेडिक्लेममध्ये आई-वडील येतात का, हेही लेखी मागा.

एक गोष्ट तुम्ही घरबसल्या तपासू शकता. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कामगारांचा भरला ते दिसतं. दर महिन्याला वेळेवर भरणा असेल आणि कामगारांचा आकडा स्थिर किंवा वाढता असेल तर बरं लक्षण. महिनोन्‌महिने उशीर दिसला किंवा आकडा झपाट्यानं खाली आलेला दिसला, तर मुलाखतीत चहा कितीही चांगला मिळाला असला तरी सावध व्हा.

ग्रॅच्युइटीचं तर तुमच्या लक्षातच आलेलं नाही. कायम कामगाराला ती पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर लागू होते. तुमची चार वर्षं सात महिने झालीत. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे आणि तो काम करून पुरा केला तर चार वर्षं नऊ महिने होतात. फक्त तीन महिन्यांसाठी रक्कम हातची जाऊ शकते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ती द्यावी असे काही उच्च न्यायालयांचे निकाल आहेत, तेव्हा आधी मालकाकडे मागून बघा, पण सगळेच मालक ते मानत नाहीत. तुमचं मूळ वेतन १६,००० धरलं तर १६,००० ला १५ नं गुणून, २६ नं भागून, पाच वर्षांनी गुणलं की ४६,१५० च्या आसपास येतात. मोशीच्या घराची अनामत यातून निघते. चाकणच्या कंपनीला सरळ सांगा की जुलैत हजर झालो तर माझे हे पैसे वाचतात. क्वालिटीची जागा ते तीन महिने रिकामी ठेवतील असं मला वाटत नाही, पण मग तेवढीच रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागायला तुम्हाला आधार मिळतो, आणि आकडा सप्रमाण असला की एचआरला वरून मंजुरी घेणं सोपं जातं. बोनस मिळाला तर वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याची अट असते, ती वाचूनच सही करा.

पीएफ काढू नका. युएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, तोच राहतो, नव्या कंपनीत हजर झालात की जुनी रक्कम वर्ग करून घ्या. दहा वर्षांची सेवा जुळली की पेन्शनचा हक्क येतो, आणि ती जुळणी मधेच पैसे काढून मोडली की परत पहिल्यापासून. घराचं सामान घ्यायला पीएफ काढलेली पोरं मी खूप बघितली, त्यांना समजावून मी थकलो पण सांगणं सोडत नाही.

भाड्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचाच, नोंदणी केलेला घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे, ‘नोटरी करू, पैसे वाचतील’ म्हणणाऱ्या मालकाचं ऐकू नका. शाळाप्रवेश, गॅस, बँकेचा पत्ता सगळीकडे तोच करार दाखवावा लागतो. घर कंपनीजवळ न बघता पत्नीच्या रुग्णालयाजवळ आणि शाळेजवळ बघा, तुम्हाला कंपनीची बस आहे. तळेगाव-चाकण रस्ता आणि चाकण चौक शिफ्ट सुटायच्या वेळी कसा तुंबतो ते एकदा संध्याकाळी सहाला स्वतः उभं राहून बघा, मग घर कुठे घ्यायचं ते आपोआप कळेल. पुण्यात फ्लॅट विकत घ्यायचा विचार मात्र पहिली तीन वर्षं डोक्यातून काढून टाका. हप्ता सुरू झाला की चांगली दुसरी नोकरी रांजणगावला मिळत असली तरी माणूस हलत नाही, आणि हलता येणं हाच तर या स्थलांतराचा फायदा आहे. सांगलीवाडीचं घरही भाड्यानं देऊ नका, विकायचा तर प्रश्नच नाही.

आत्ताच्या मालकानं राजीनामा बघून पगार वाढवतो म्हटलं तर? बहुतेक म्हणतीलच. नुसते पाच हजार वाढवत असतील तर थांबू नका, कारण अडलेली पायरी अडलेलीच राहते. ते ‘नवीन सीएमएम येतंय, तो विभाग तुझ्याकडे’ असं लेखी देत असतील तर गांभीर्यानं घ्या. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून पत्नीबरोबर एक रात्र विचार करा. काहीही ठरलं तरी कुपवाडातून भांडून बाहेर पडू नका. हाताखालच्या मुलाला काम नीट शिकवून, गेजची (मापनसाधनांची) नोंदवही पूर्ण करून द्या. इकडे सगळे कारखानदार एकमेकांना ओळखतात आणि उद्या शिरोलीला परत यायचं झालं तर पहिला फोन तुमच्या जुन्या साहेबांनाच जाणार आहे.

आणि क्रम चुकवू नका. आधी चाकणहून नेमणूकपत्र किंवा सही-शिक्क्याचं ऑफर लेटर, त्यात पद, रोल, पगाराची फोड आणि हजर व्हायची तारीख. ते हातात आल्यावरच इथे राजीनामा. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशेबाची, तारीख लेखी घ्या. मुलीच्या शाळेतून दाखला मात्र एप्रिलमध्ये काढू नका, तिकडच्या शाळेनं प्रवेश नक्की केल्याचं सांगितल्यावरच काढा.